आमच्या वह्या कोण वाचणार?

‘मुस्लिम तरुण मराठीत का लिहीत नाहीत?’ हा प्रश्न आता इतक्या परिसंवादांत ऐकला आहे की विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच तो येणार हे मला कळतं. विचारणारे बहुतेक आपले हितचिंतक असतात. उत्तरंही तेच देतात. उर्दू माध्यम, गरिबी, घरचं वातावरण, मोहल्ल्याचं दडपण, वगैरे. आपण मान हलवतो, चहा होतो, आभार मानले जातात.

मला या प्रश्नाचा राग येतो, कारण त्याचा पायाच खोटा आहे. मुस्लिम मुलंमुली मराठीत लिहितात. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वह्यांच्या मागच्या पानांवर कविता असतात, मोबाइलच्या नोंदवहीत अर्धवट कथा असतात. एका मुलीने बारावीच्या पुस्तपालनाच्या वहीत, जमाखर्चाच्या रकान्यांमध्ये, आपल्या आजीची गोष्ट लिहिलेली मी पाहिली आहे. लिहिणारे आहेत. त्यांचं कच्चं, फसलेलं, खोडाखोड केलेलं पान हातात घेऊन शेवटपर्यंत वाचणारं माणूस त्यांना नाही. आणि ते माणूस नसण्याला आपण, म्हणजे चळवळीतले, शिक्षकीतले, चार पुस्तकं नावावर असलेले थोरले लोक जबाबदार आहोत, असं माझं म्हणणं आहे. ज्यांना हे झोंबेल त्यांनी जरूर उत्तर द्यावं.

उर्दूत यासाठी एक शब्द आहे: इस्लाह. दुरुस्ती, सुधारणा. शागिर्द आपली गझल उस्तादासमोर ठेवतो, उस्ताद शब्द बदलतो, मिसरा सैल असेल तर आवळतो, कधी अख्खा शेर काढून टाकतो. हे काम शेदोनशे वर्षांपूर्वी टपालानेही चालायचं. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल ‘तफ़्ता’ आपलं लेखन ग़ालिबकडे दिल्लीला पाठवत आणि ग़ालिब त्यांना पत्रातून दुरुस्त्या कळवत. १८५४ साली ज़ौक़ वारले आणि बादशहा बहादूरशाह ज़फ़रच्या कवितेची इस्लाह ग़ालिबकडे आली. म्हणजे हिंदुस्थानच्या बादशहालाही आपली वही दुसऱ्याला दाखवावी लागत होती! पुढे दाग़ देहलवी हैदराबादेत निजामाचे उस्ताद झाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. सियालकोटमधला इक़बाल नावाचा पोरगा त्यांना टपालाने गझला पाठवू लागला. काही काळाने दाग़ यांनी कळवलं की आता दुरुस्तीला फारसं काही उरलेलं नाही. उस्तादाचं काम संपल्याचं उस्तादानेच सांगितलं, ही मला या गोष्टीतली सगळ्यात मोठी बाब वाटते. आजचे किती गुरुजी असं सांगतात?

बेउस्ताद असणं ही त्या जगात शिवी होती. खुद्द ग़ालिब आपले उस्ताद म्हणून अब्दुस्समद नावाच्या एका इराणी विद्वानाचं नाव सांगत. पण लोक बेउस्ताद म्हणतात म्हणून हे नाव आपण रचलं, असंही ते बोलत, ही नोंद त्यांचे शागिर्द हाली यांनी ‘यादगार-ए-ग़ालिब’मध्ये केली आहे.

मराठीकडे यावं, तर इथेही आपण पोरके नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे, यांचे गुरू चाँद बोधले. आणि परंपरा असं मानते की दौलताबादच्या जनार्दनस्वामींचे गुरूही हेच चाँद बोधले, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य म्हणजे पैठणचे एकनाथ. एका सूफीच्या पायरीवरून मराठी कवितेच्या दोन वाटा निघाल्या असं ज्या भाषेत मानलं जातं, त्या भाषेत आज आपल्या पोरांना ‘तुम्ही मराठीत लिहिता? अरे वा!’ असं कौतुक ऐकावं लागतं. हे कौतुक म्हणजे दारात उभं करून दिलेलं पाणी आहे.

या परंपरेचं गोडवं गाऊन थांबता येत नाही. उस्ताद-शागिर्दीचं हे जग जवळजवळ पूर्ण पुरुषांचं होतं. अलीगढकडच्या शेरवानी घराण्यातल्या ज़ाहिदा ख़ातून (१८९४–१९२२) यांनी अप्रतिम कविता लिहिली आणि ती छापली ‘ज़े. ख़े. शीन.’ या आद्याक्षरांखाली, कारण बाईचं नाव छापणं घराला चाललं नसतं. नावच नाही तर उस्तादासमोर बसणं कुठलं! पुढच्या पिढीत इस्मत चुग़ताईंना रशीद जहाँ दिसल्या. पेशाने डॉक्टर, १९३२च्या ‘अंगारे’ या गाजलेल्या आणि लगेच बंदी आलेल्या पुस्तकातल्या एकमेव लेखिका. इस्मतनी त्यांचं ऋण पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. एक थोरली बाई निर्भयपणे बोलते, लिहिते, हे डोळ्यांनी बघणं हीसुद्धा एक तालीमच. आपल्या मुलींना अशा किती थोरल्या आज बघायला मिळतात?

माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण मी हे हवेत बोलत नाही. आम्ही मणेर. अब्बा आठवड्याच्या बाजारांतून आणि गावोगाव फिरून बांगड्या भरायचे. घरात आम्ही दखनी बोलतो, उंबऱ्याबाहेर मराठी, आणि अब्बांची मराठी माझ्यापेक्षा रसरशीत आहे. एकोणिसाव्या वर्षी मला एक बाई भेटल्या. निवृत्त मराठीच्या शिक्षिका. स्वतः फारसं काही छापलेलं नाही, कुठल्या मंडळावर नाहीत, कुणी त्यांना अध्यक्ष केलं नाही. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात रोज पेपर वाचायला यायच्या. तिथल्या लिपिकाने त्यांना सांगितलं की ही मुलगी लिहिते. त्या म्हणाल्या, ‘दाखव.’ पुढची अकरा वर्षं, दर शनिवारी चार ते सहा, वाचनालयाच्या लांब टेबलाच्या एका कोपऱ्यात आम्ही बसलो.

बाईंची रीत अशी. मी मोठ्याने वाचायचं. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मग वही घेऊन पेन्सिलीने समासात फक्त प्रश्न लिहायच्या. अकरा वर्षांत त्यांनी माझं एक वाक्यही स्वतःच्या शब्दांत लिहून दिलेलं नाही. ‘इथे त्याला वाईट वाटलं असं लिहिलंयस. मणेराला वाईट वाटतं तेव्हा त्याचे हात काय करतात?’ असे प्रश्न. ज्या गोष्टी त्यांना माहीत नव्हत्या त्या त्या विचारायच्या, माहीत असल्याचा आव नाही. ‘फातिहा म्हणजे नेमकं काय काय करता गं? पुढ्यात काय ठेवता?’ ‘इन्शाअल्लाह’ला मी तळटीप दिली होती. ती पाहून म्हणाल्या, ‘ही कुणासाठी? मी ज्ञानेश्वरी वाचते तेव्हा अडलं तर शोधते. तुझ्या वाचकाला तेवढेही कष्ट नकोत का?’

एक उदाहरण सविस्तर सांगते. मी गावात बांगड्या भरणाऱ्या मणेराची कथा लिहीत होते. सगळ्या जातींच्या बायांचे हात त्याच्या हातात येतात, साबण लावून तो त्या आखडलेल्या मुठीवरून बांगडी चढवतो, सासू-सुनांची भांडणं ऐकतो, डोहाळजेवणाच्या हिरव्या चुड्याला चार बांगड्या वरच्या घालतो. कथा बरी चालली होती. बाईंनी समासात लिहिलं: ‘गावातल्या प्रत्येक बाईच्या हाताचं माप याला पाठ. मग एखादीचा नवरा गेला, तर तिच्या दारावरून हा कसा जातो?’

मला उत्तर येईना. कल्पनेने काही लिहायचं नाही, एवढं एव्हाना कळलं होतं. घरी जाऊन अब्बांना विचारलं. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. बांगड्यांच्या पेटीची दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “उस गल्ली में आवाज नहीं देता मैं. चुपचाप निकल जाता.” किती दिवस? “बरस भर.” आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, अम्मीलासुद्धा नाही. गावात ज्याच्या आरोळीवर धंदा चालतो तो माणूस एका गल्लीतून वर्षभर मुकाट जातो. कथा तिथे सुरू झाली. त्याआधीची सात पानं मी ठेवली नाहीत.

चांगला वाचक-मार्गदर्शक तुम्हाला असं तुमच्याच घरी परत पाठवतो. तिथे तुम्ही वीस वर्षं राहिलेले असता आणि तुम्ही काही विचारलेलं नसतं.

आता हीच कथा एका दिवाळी अंकाकडे गेल्यावर काय झालं ते ऐका. अंकाचं नाव सांगत नाही. त्याची गरज नाही, तुमच्यापैकी अनेकांना असा फोन आलेला असेल. संपादक सज्जन होते. म्हणाले, कथा सुरेख आहे, पण हा माणूस मुसलमान वाटत नाही. कथेत माझा मणेर एका नवरीला म्हणतो, ‘हात ढिला सोड गं लेकी, आवळू नगंस.’ सोलापूर जिल्ह्यातला मणेर गिऱ्हाइकाशी असंच बोलतो. संपादकांना हवं होतं की त्याने ‘अरे बेटी, हाथ ढिला छोडो’ असं काहीतरी बोलावं. म्हणजे मराठी नाटकातला आणि सिनेमातला तो जुना मुसलमान: मोडकी हिंदी बोलणारा, डोळ्यांत सुरमा, मनाने साफ, चालीने विनोदी. शिवाय त्यांची एक सूचना होती. शेवटाकडे तलाकचा एखादा धागा आणता आला तर कथेला ‘सामाजिक परिमाण’ येईल.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुझे अब्बा बोलतात तसंच राहू दे. त्यांना छापायची नसेल तर कथा परत माग.’ मागितली. ती दोन वर्षांनी दुसरीकडे आली, लेकीच्या ‘आवळू नगंस’सकट. दोन वर्षं कथा पडून राहिली तेव्हा पाठीशी कुणी नसतं, तर पंचविशीतली मुलगी काय करते? बदल करून देते. आणि पुढची कथा लिहितानाच तो मोडकी हिंदी बोलणारा माणूस तिच्या कागदावर येऊन बसतो, कुणी न सांगता. आपल्या भाषेची अशी गळचेपी कुणी हुकूम काढून करत नाही. फोनवर गोड बोलून होते.

राही मासूम रज़ांनी १९६६ साली ‘आधा गाँव’ छापलं. त्यातले गंगौलीचे सय्यद भोजपुरी-उर्दूत भांडतात, रडतात, शिव्या देतात. हिंदी वाचकाला अडलं, पण पुस्तक टिकलं. आमच्याकडे कोकणातल्या मुसलमानाची बोली वेगळी, मराठवाड्यातल्या तांबोळ्याची वेगळी, मिरजेकडच्या मुलाण्याची वेगळी. त्यांना कागदावर बघायला कोणत्या संपादकाची परवानगी लागते?

हमीद दलवाईंचं नाव आपल्याकडे सगळे घेतात, काही प्रेमाने, काही दात-ओठ खाऊन. मुस्लिम सत्यशोधक मंडळ, १९७०. त्याआधी १९६६ साली सात महिलांचा मोर्चा. हे सगळं पाठ असतं. पण मिरजोळीच्या या माणसाने त्याआधी ‘लाट’ नावाचा कथासंग्रह (१९६१) आणि ‘इंधन’ ही कादंबरी (१९६५) लिहिली होती, हे किती कार्यकर्त्यांनी वाचलंय? कथाकार दलवाई आपण कार्यकर्ता दलवाईंच्या पायाखाली पुरला. त्यांच्या वारशावर हक्क सांगणाऱ्यांपैकी कथा लिहिणारा पोरगा समोर आला तर त्याला आपण काय देतो? घोषणापत्रकाचा मसुदा. ‘तुझी भाषा चांगली आहे, जरा हे पत्रक लिहून दे.’

आणि इथे मला आपल्याच चळवळीच्या नियतकालिकांशी भांडायचं आहे, या नियतकालिकासकट. आपण काय छापतो? जे आपल्या बाजूने साक्ष देतं ते. एका प्रकारच्या कथेत इम्रान हिंदू शेजाऱ्याला रक्त देतो, दंगलीत अम्मी पोराला लपवते, शेवटी राष्ट्रगीत. दुसऱ्या प्रकारात मौलवी खलनायक, बुरखा म्हणजे तुरुंग, नायिका शेवटी तो भिरकावून देते. पहिल्या प्रकारची कथा मला समजते. नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं तेव्हा माणूस कथेतसुद्धा चारित्र्याचा दाखला मागायला उभा राहतो. दुसऱ्या प्रकारामागचं दुःखही खरं आहे. तलाक भोगलेल्या बाईला त्यावर लिहायचा जितका हक्क आहे तितका कुणालाच नाही. माझं भांडण लिहिणाऱ्यांशी नाहीच. अशी कथा आली की आपण दुसऱ्या दिवशी ‘छान, समाजाला गरज आहे’ म्हणून छापून टाकतो, त्याच्याशी आहे. ‘हा इम्रान कधी खोटं बोलतो का? आईवर कधी ओरडतो का?’ असं त्या पोराला कुणीच विचारत नाही. ‘तुझा मौलवी संध्याकाळी घरी गेल्यावर काय करतो?’ असं त्या मुलीला कुणी विचारत नाही. तिने त्या मौलवीला घरी जाताना पाहिलेलं असतं. तो तिच्या गल्लीत राहतो. पण विचारायला वेळ लागतो आणि छापायला लागत नाही.

हे ज्याला प्रोत्साहन म्हणतात ना, ते मला आळसाचं सभ्य नाव वाटतं. ‘लिहीत राहा’ म्हणायला दोन सेकंद. पाठीवर थाप, सन्मानचिन्ह, फोटो. त्या पोराचं बारावं पान नवव्या पानाशी विसंगत आहे हे सांगायला ते बारावं पान वाचावं लागतं.

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणेल: आधी शिक्षण, आधी नोकऱ्या, मग कथा-कविता. पोटाला भाकर नाही आणि ही बाई अलंकार मागते. सच्चर समितीचा अहवाल २००६चा, महाराष्ट्रापुरता महमूदुर रहमान समितीचा २०१३चा. दोन्ही वाचून झाले, दोन्हींवर मी भाषणंही केली आहेत. त्या अहवालांत आपण टक्केवारी आहोत, आणि टक्केवारी असणं गरजेचंही आहे, कारण सरकारशी भांडायला आकडा लागतो. पण वर्षभर एका गल्लीत आरोळी न देणारा माणूस कुठल्या तक्त्यात बसतो? त्याला शेजारच्या आळीतल्या वाचकापर्यंत कोण नेणार?

शिवाय हे ‘आधी-मग’ आपल्या शेजाऱ्यांनी कधी मानलं नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं, पुढचं मिलिंद. तिथे गावकुसाबाहेरची पहिली पिढी पदवी घ्यायला आली आणि त्याच आवारात लिहायलाही लागली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवायला घेतलं. त्याचे लेखक-वाचक मेळावे भरू लागले, आणि लेखक व वाचक एका सतरंजीवर बसले. दलित साहित्य म्हणजे नुसता संताप उफाळून आला असं जे सांगतात ते अर्धंच सांगतात. संतापामागे एक नियतकालिक होतं, टपाल होतं, हस्तलिखितं वाचणारी माणसं होती. आपल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाला, सोलापूर १९९०, आता तीन दशकांहून जास्त काळ झाला. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी ते उभं केलं तेव्हा ते धाडस होतं, त्यांचं ऋण आहेच. पण त्यानंतर आपण संमेलनाला संमेलन जोडत गेलो. वर्षातले दोन-तीन दिवस मांडव. उरलेल्या तीनशे साठ दिवसांत पुस्तपालनाच्या वहीतली ती आजी कुणाकडे जाते?

दुसऱ्या बाजूने, मोठ्या मराठी साहित्याच्या घरातही हे काम चालायचं. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित परत पाठवताना सोबत सविस्तर पत्र पाठवत, लेखक पुन्हा लिहीत, पुन्हा पाठवत. १९६९ साली याच ‘सत्यकथे’चा अंक तरुणांनी जाळला. त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण सुधारणारा हात आणि दार अडवणारा हात एकाच माणसाचे असू शकतात. म्हणून बाईंसारखं कुणी आणि त्या दिवाळी अंकाच्या संपादकांसारखं कुणी यांतला फरक ओळखायला शिका. माझी कसोटी साधी आहे. त्यांच्या सूचनेनंतर तुमची गोष्ट तुमच्या घराच्या जवळ गेली की त्यांच्या?

आणखी काही जणांपासून सावध राहा. ‘एवढे पैसे भरा, पुस्तक हातात’ असं म्हणणारे. तुमची कविता न वाचता प्रस्तावना देणारे आणि पुढे आयुष्यभर ‘ही माझी शिष्या’ म्हणून सांगणारे. मुलींसाठी मुद्दाम सांगते, कारण हे बोलायला सगळे लाजतात: वही दाखवायला कुणाच्या बंद खोलीत जायची गरज नसते. रात्री अकराला कवितेवर चर्चा करायची गरज नसते. अब्बांनी मला दर शनिवारी जाऊ दिलं त्याचं एक कारण ते टेबल वाचनालयात होतं, दार सताड उघडं आणि समोर लिपिक बसलेला. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. त्यांची टेबलं दुपारी रिकामी असतात. आपल्या मोहल्ल्यातल्या किती घरांत त्या वाचनालयाचं सभासद कार्ड आहे?

मोहल्ल्यातूनही आवाज येतो, शायरी म्हणजे वाया गेलेली औलाद. त्यांना एवढंच विचारा की मदिनेत पैगंबरांच्या बाजूने कविता करणारे हस्सान बिन साबित कोण होते. बहुतेक वेळा विषय बदलला जातो.

तेव्हा माझी मागणी. पुढच्या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेतून ‘मुस्लिम मराठी साहित्य: दशा आणि दिशा’ हा परिसंवाद काढून टाका. तो सगळ्यांचा पाठ झाला आहे. त्या दोन तासांत व्यासपीठावरच्या प्रत्येकाने मांडवात खाली उतरून, एका नवख्या माणसाचं एक हस्तलिखित आधी घरी वाचून आलेलं असताना, त्याच्याशी समोरासमोर बसून बोलावं. अध्यक्षांनीसुद्धा. ज्याला वाचायला वेळ झाला नाही त्याने व्यासपीठावर बसू नये. आणि आपल्या संघटनेत जसा कायदा सल्ला केंद्राचा वार ठरलेला असतो तसा वाचनाचा वार ठरावा, तालुक्याच्या वाचनालयात, उघड्या दाराने, फुकट.

बाईंना आता मोतीबिंदूमुळे दिसत नाही. मी वाचते, त्या ऐकतात आणि प्रश्न तोंडी विचारतात. शनिवारी चार ते पाच त्यांच्याकडे, आणि पाच ते सात मी त्या लांब टेबलापाशी असते. सध्या तिघं येतात, दोन मुली आणि वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा एक मुलगा. चौथ्याला जागा आहे, पाचव्यालाही करू. दूर राहणाऱ्यांनी या नियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवावं, ते माझ्यापर्यंत पोहोचतं. कविता असतील तर पाच, कथा असेल तर एक. आणि डावीकडे दोन बोटं समास सोडा, प्रश्न लिहायला जागा लागते.